फक्कीची रेघ

मुलांचं भलं करणारी माणसं गोड बोलतात, असा पुण्यात असेपर्यंत माझा समज होता. आक्कांनी तो पहिल्याच संध्याकाळी मोडून माझ्या हातात दिला. मी लेकीचा हात धरून हैदराबादच्या जामबागेतल्या त्या फाटकातून आत शिरले, दोन-चार पावलं टाकली असतील नसतील, तोच समोरच्या लिंबाखालून आवाज आला, "ए बाई, रेघ दिसंना का?"

मी खाली बघितलं. कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढऱ्या फक्कीची एक रेघ फाटकाच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढलेली होती आणि माझी चप्पल बरोबर तिच्यावर पडली होती.

"मोठ्यांनी रेघेच्या मागं राहायचं," आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "लेकराला सोड अन् तू जा."

"अहो, पण ती नवीन आहे," मी म्हटलं. "तिच्याबद्दल जरा सांगायचं होतं तुम्हाला. ती बाहेर कोणाशी..."

"तिचं तू कामून सांगतीस? ती आहे की इथं."

एवढं बोलून त्या माझ्या मुलीकडे वळल्या आणि घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "या. बसायचं तर बसा, खेळायचं तर खेळा. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

माझी नऊ वर्षांची मुलगी, जी शेजारणीच्या घरीसुद्धा माझा पदर सोडत नसे, ती रेघ ओलांडून गेली आणि हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी रेघेवर तशीच उभी. माझ्याकडे कोणी बघेना. शेवटी आले बाहेर, दुसरं काय करणार?

आक्का म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या बाई. घराणं शेतकऱ्यांचं, निजामाच्या वेळच्या मराठवाड्यातलं. वडील नोकरीला म्हणून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नव्हतं. आमच्या मराठी लोकांची जामबागेत एक जुनी संस्था होती. खाली हॉल, वर वाचनाची खोली आणि मागे बऱ्यापैकी मोठं आवार. त्या आवारात आक्का रोज संध्याकाळी खेळघर चालवायच्या. मुलं सगळीकडची यायची. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी, दुकानदारांची, कारकुनांची, आणि आमच्यासारख्या कॉम्प्युटर कंपन्यांमागून नुकत्याच आलेल्या पुण्या-मुंबईकडच्यांचीही. फी नव्हती, गणवेश नव्हता, वेळापत्रक नव्हतं. रेघ तेवढी होती. दर रविवारी आक्का ती स्वतः नव्याने ओढायच्या.

सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मी कधी वाजलेली ऐकली नाही. एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्यातला मणी मीच काढून टाकलाय. नाहीतर हात जातो अन् वाजवावी वाटते." मग गळ्यात घालायचीच कशाला? या प्रश्नाला उत्तर नाही. आक्कांना प्रश्न विचारून उत्तर मिळण्याचा योग क्वचितच यायचा.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. लहान मुलांना त्या "तुम्ही" म्हणायच्या आणि मोठ्यांना सरसकट "तू". पाच वर्षांच्या पोराला, "क्या जी, आज आप देर से आए?" आणि संस्थेच्या अध्यक्षांना, जे साठीचे होते, कापडाचं मोठं दुकान चालवत होते आणि ज्यांना बाजारात सगळे शेटजी म्हणत, त्यांना, "तू उगं मधी बोलू नको, आधी रेघेच्या मागं हो." अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण आक्कांना काढून टाकणार कसं? पगार घेत असत्या तर काढता आलं असतं.

शिवाय त्यांच्या हातात कायम काहीतरी घरकाम असे. हंगामात चिंच फोडणं, एरवी शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं. मुलांकडे पाठ करून, लिंबाच्या पारावर बसून हे चालायचं. मला ते बघून चीड यायची. मुलांवर लक्ष ठेवायचं सोडून ही बाई चिंचोके वेगळे करतेय! एकदा बोललेही. त्यावर म्हणाल्या, "मोठ्या माणसाचे हात मोकळे असले की ते लेकरांत घुसतात." मी म्हटलं, घुसू दे की जरा. त्यांनी पुढची चिंच उचलली.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण माझा सगळा जीव तिथं टांगणीला लागलेला होता.

ती घरात अखंड बोलायची. इतकी की नवरा वैतागून म्हणायचा, जरा श्वास घे. पण दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. पुण्यात ती अशी नव्हती, थोडी बुजरी होती एवढंच. नवऱ्याला हैदराबादेत नोकरी लागली, आम्ही हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये आलो आणि तिनं बाहेरच्या जगाशी बोलणं बंद केलं. शाळेत हजेरीला "येस मिस" सुद्धा नाही. बाईंनी मला बोलावून विचारलं, मुकी आहे का? घशाच्या डॉक्टरांनी घसा बघितला, घसा उत्तम. दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पोर दोन भाषांत गोंधळलंय, घरात मराठी बंद करा आणि इंग्रजी बोला. आम्ही तेही केलं. आठवडाभर मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर एकमेकांना इंग्रजीत वरण वाढत होतो. तर ती घरातही बोलेनाशी झाली. मी घाबरले आणि त्या डॉक्टरांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते मराठीतच म्हटलं.

पुण्याहून माझी आई दर रविवारी एकच सांगायची. मी एसटीडी बूथमध्ये उभी राहून मीटरवरचे आकडे पळताना बघायची आणि ती म्हणायची, "तिला इकडे घेऊन ये. जुनी शाळा परत घेईल, मी बोलून ठेवते. जावई राहतील तिकडे. नोकरी महत्त्वाची का पोर?" मला नवऱ्याला सोडून जायचं नव्हतं. पण पोरीला असं वर्षभर मुकं बघणंही होत नव्हतं. खेळघर हा माझा शेवटचा उपाय होता. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत फरक पडला नाही तर पुणं, असं नवऱ्याशी ठरलं होतं.

आणि हा शेवटचा उपाय अशा बाईच्या हातात होता, जी मला रेघेच्या आत येऊ देत नव्हती.

मग मी काय करायची, तर कोपऱ्यावर साड्यांना फॉल-पिको करणारं एक दुकान होतं, तिथं जाऊन बसायची. दुकानातली तेलुगू बाई चांगली होती. पहिले काही दिवस तिनं नुसतं बसू दिलं, मग एक दिवस माझ्या हातात सुई दिली. त्या संध्याकाळच्या वेळात मी फॉल लावायला अशी शिकले की आजही कोणी नावं ठेवणार नाही. खेळघर सुटायच्या वेळी मी धावत जायची, रेघेशी उभी राहायची आणि विचारायची, "आक्का, आज बोलली का?"

"खेळली," आक्का म्हणायच्या.

"ते झालं, पण बोलली का कोणाशी?"

"दमली आहे. घरी ने अन् खायला घाल."

रोज हेच. वाटेत लेकीला विचारावं तर ती रिक्षावाल्यासमोर तोंड उघडायची नाही, आणि घरी गेल्यावर खेळघर सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची. मी खोदून विचारलं की, "खेळले ना आई," एवढंच. म्हणजे दोघी एकाच शाळेत शिकल्यासारख्या.

तिथल्या कारभाराचं तर काय सांगावं. खेळात भांडण झालं की सगळ्यांचा खेळ बंद. दोघांचं मिटेपर्यंत कोणीही चेंडूला हात लावायचा नाही, आणि मिटवायला मोठं माणूस येणार नाही. जो बाद होऊन बाहेर बसला असेल तो पंच, मग तो सहा वर्षांचा का असेना. एकदा चेंडू नेमका कोणाचा यावर अख्खा आठवडा गेला. तेवढे दिवस ती सगळी मुलं आवारात उभ्याउभ्या वाद घालत होती आणि आक्का तांदूळ निवडत होत्या. एका मुलाचे वडील फाटकाशी येऊन ओरडले, "आम्ही मुलाला खेळायला पाठवतो, वकिली करायला नाही!" आक्का म्हणाल्या, "हौ. तू घरी जा, त्यांचं चालू दे."

एका व्यापाऱ्यानं आपल्या वडिलांच्या नावानं सुंदर चांदीच्या रंगाचे कप दिले होते, स्पर्धा घ्या म्हणून. आक्कांनी ते आनंदानं घेतले. काही दिवसांनी तो बिचारा बघायला आला. रेघेशी उभं राहून त्यानं बघितलं, तर एका कपात लगोरीच्या फरशा ठेवलेल्या होत्या आणि दुसऱ्यात, ज्यावर त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव कोरलेलं होतं, हौदातल्या बेडकांची पिल्लं पोहत होती. दोन मुलं कपावर वाकून त्यांना भाताची शितं घालत होती. त्या गृहस्थाला घाम फुटला. आक्का त्याला म्हणाल्या, "तुझ्या बापाचं नाव रोज वाचतात बघ लेकरं." आणि हे त्या कुचेष्टेनं बोलल्या नव्हत्या, हेच मला जास्त छळायचं. अध्यक्षांनी त्या दिवशी कपाळाला हात लावला.

याच अध्यक्षांनी मला अनुदानाच्या भानगडीत ओढलं. नव्या वाऱ्याचे दिवस होते. बाहेरून पैसा येत होता, संस्था निघत होत्या, तरुण पिढीचा सर्वांगीण विकास हा शब्द रोज कानावर पडत होता. दिल्लीतल्या अशाच एका संस्थेकडून अनुदान मिळेल, गळकं छप्पर आणि मुलांचे संडास दुरुस्त होतील, असं अध्यक्षांना कळलं. माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज मी लिहायचा. मी आक्कांना विचारायला गेले. रेघेवर उभी राहून म्हटलं, "आक्का, तुमच्या खेळघराचा उद्देश काय लिहू?"

"लेकरं येतात. खेळतात. घरी जातात."

"आणखी?"

त्यांनी थोडा विचार केला. "कधी कधी घरी जायला नको म्हणतात."

यातून मी तीन पानं इंग्रजी काढलं. माझ्या हयातीत इतकी ओढाताण मी कशासाठी केली नसेल.

मार्च संपत आला. शाळेचा निकाल लागायच्या आधीच बाईंनी सांगितलं की मुलगी तोंडी परीक्षेत एक शब्द बोललेली नाही, पुढच्या वर्गात घालणं अवघड आहे. नवऱ्यानं तिकिटं काढून आणली, माझं आणि तिचं. परतीचं काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी जाऊन आक्कांना सांगितलं की आम्ही सुट्टी लागताच पुण्याला जाणार, तिला तिकडच्याच शाळेत घालणार, तिचे बाबा इथं राहतील. मला वाटलं, आता तरी ही बाई काहीतरी म्हणेल. राहा म्हणेल, जाऊ नको म्हणेल, निदान वाईट वाटलं म्हणेल.

आक्का चिंच फोडत होत्या. म्हणाल्या, "कधीची गाडी?"

मी दिवस सांगितला.

"बरं," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात आलं, त्या चिंचेचं टोपलं उचलावं आणि हौदात फेकावं. इतके महिने मी या बाईच्या दारात उभी राहिले आणि बरं!

मुलीला मी घरी सांगितलं तेव्हा ती रडलीही नाही. बाबा येणार नाहीत का, एवढंच विचारलं.

दिल्लीचे पाहुणे आमच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात यायचे ठरले. मुलांचा खेळ प्रत्यक्ष बघणार होते. आक्का आधी नाहीच म्हणाल्या. अध्यक्षांनी हात जोडले, मी छपराचं आणि संडासाचं सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "लेकरांना विचारते." अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. अनुदान मिळायचं का नाही हे आता बेडूक पाळणारी पोरं ठरवणार! पोरांनी दोन दिवस लावले आणि निर्णय दिला. पाहुण्यांनी वरच्या वाचनाच्या खोलीत बसून खिडकीतून बघावं. फोटो काढायचे नाहीत. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

"आणि मी?" मी विचारलं. "त्यांच्याशी इंग्रजी बोलायला मी लागेन. मला वर बसावं लागेल."

आक्कांनी हातातली चिंच टोपल्यात टाकली. "परवा सांगते," म्हणाल्या. माझ्यासाठीही परवानगी! दोन दिवसांनी म्हणाल्या, "बस."

तर त्या संध्याकाळी आम्ही वर बसलो. एक प्रौढ साहेब, एक तरुण मॅडम, अध्यक्ष आणि मी. खिडकीला जाळी होती. खाली लगोरी सुरू झाली. साहेबांनी फाइल उघडली, पेन काढलं. मुलं धावत होती, फरशा रचत होती, मला वाटलं, चला, देवानं ऐकलं. आणि तेवढ्यात भांडण झालं.

चेंडू एका थोराड मुलाला लागला का नाही, यावर. सगळा खेळ जागच्या जागी थांबला. मुलं गोळा झाली. एकाच वेळी तीन भाषांत आरडाओरडा सुरू झाला. आक्का पारावर पाठ करून बसलेल्या. साहेब जरा वेळ थांबले, मग घड्याळ बघून मला म्हणाले, कार्यक्रम परत कधी सुरू होणार? मी म्हटलं, हाच आहे. मॅडमनी विचारलं, त्या बसलेल्या बाई कोण? मी म्हटलं, त्याच संचालिका. अध्यक्ष डोळे मिटून बसले होते.

मग त्या गलक्यातून एक आवाज वर आला. बारीक, धारदार, कोणालाही न जुमानणारा.

"तेरे शर्टकू लगा, मैं देखी!"

"नै लगा रे! हवा लगी!"

"हवा नै, गेंद लगी! झूट नक्को बोल! मैं पंच हूँ. जा, उधर खडा रै!"

कोण एवढी भांडकुदळ पोरगी आहे बघावं, म्हणून मी खिडकीशी गेले. घोळक्याच्या मधोमध, त्या थोराड मुलाच्या छातीपर्यंत येणारी, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर, अशी माझी मुलगी उभी होती. मी बघतच राहिले. मुलगा काहीतरी बोलला. ती बाजूच्या चिमुरडीकडे वळली आणि तेलुगूत म्हणाली, "नुव्वु चूशावु कदा?" तू बघितलंस ना? चिमुरडीनं मान हलवली. "देख!" माझी मुलगी त्याच्यावर ओरडली. आमच्या घरात कोणीही न बोलणाऱ्या दोन भाषांत ती एका वेळी भांडत होती, आणि आजूबाजूच्या एकाही मुलाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं. तो थोराड मुलगा पाय आपटत भिंतीशी जाऊन उभा राहिला.

मी खालीच बसले. जमिनीवर, वर्तमानपत्रांच्या ढिगाशेजारी. साहेबांनी पाणी मागवलं. मला बरं वाटत नाही असं त्यांना वाटलं. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि त्याच वेळी इतका संतापही कधी आला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी खाली उतरले आणि रेघबीघ न बघता सरळ पारापाशी गेले. मुलं हौदाकडे होती. आक्कांनी मला अडवलं नाही.

"ती बोलते," मी म्हटलं.

"हौ."

"कधीपासून?"

"ध्यानात कुठं ठेवलंय? थंडी होती. अंगात स्वेटर होतं तिच्या."

थंडी! म्हणजे डिसेंबर. "आणि मला सांगितलं नाहीत? मी रोज विचारत होते, आक्का! रोज! तिकिटं काढलीत आम्ही. तिच्या बापाला इथं एकट्याला टाकून चाललेय. तुमच्या एका शब्दानं..."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांनीच दिलं. "पुण्याला फोन केला असतास. घरी जाऊन तिला जवळ घेऊन म्हणली असतीस, बोल बघू माझ्यासमोर. पाहुणे आले की, बोल बघू. शाळेत नेऊन, बोल बघू. अन् ती परत बंद. इथलं इथं राहतं म्हणून ती इथं बोलती, बाई."

"आणि मी तिला घेऊन गेले असते तर?"

"गेली असतीस तर गेली असतीस. मी काय करणार?" असं म्हणून त्यांनी चिंचोके पदरातून झटकले. "आता एवढं ऐक. तिला काही बोलू नको. तू ऐकलंस हे तिला सांगू नको."

मी काय काय बोलले त्यांना ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दगडाचं काळीज आहे तुमचं, हे नक्की म्हटलं. लेकरांचे लाड आणि त्यांच्या आयांचे हाल, हेही म्हटलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता रेघेच्या मागं हो, लेकरं यायलेत."

आम्ही पुण्याला गेलो नाही. बाबांच्या जेवणाचे हाल होतील, असं कारण मी मुलीला दिलं. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन कपाटात कपडे परत लावायला लागली. मी ऐकल्याचं मात्र तिला सांगितलं नाही. आक्कांवर कितीही चिडले तरी त्यांचं एवढं एक मी पाळलं, आणि ते पाळणं सोपं नव्हतं. शाळेत तोंड उघडायला तिला पुढे बराच काळ लागला. एक दिवस भाजीवालीला तिनं माझ्यासमोर कोथिंबिरीचा भाव विचारला, तेव्हा मी मुद्दाम पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

अनुदान अर्थातच मिळालं नाही. पाहुण्यांनी कळवलं की नियोजित उपक्रम दिसला नाही आणि कर्मचारी उदासीन आहेत. अध्यक्षांनी ते आक्कांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. "उदासीन म्हणजे मीच का?" आक्कांनी विचारलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की अध्यक्षही चिडायचे विसरले. ते पैसे हिमायतनगरमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेणाऱ्या कोणाला तरी मिळाले. पुढे खेळघरातली मुलंही कमी होत गेली. ट्यूशन आल्या, केबल आली, हॉलमध्ये कॉम्प्युटरचा क्लास सुरू झाला आणि आवारात त्या क्लासच्या मुलांच्या स्कूटर लागायला लागल्या. तरी आक्का बरीच वर्षं यायच्या. तीन-चार मुलं असली तरी यायच्या. मी मधूनमधून भेटायला जायची आणि प्रत्येक वेळी काही ना काही वाद घालून परत यायची. त्यांच्याशी धड गोड बोलून परतल्याचं एकदाही आठवत नाही.

त्या सिकंदराबादला भाच्याकडे वारल्या. मला कळलं तेव्हा पंधरवडा होऊन गेला होता. मुलगी आता बंगळूरला असते. मी तिला फोन केला. बातमी सांगितली. मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, आता पाळायचं कोणासाठी? सांगून टाकलं. "तुला एक सांगू? ते दिल्लीचे पाहुणे आले होते, आठवतं? मी त्या दिवशी वरच्या खिडकीतून तुला भांडताना ऐकलं होतं."

"माहितेय मला," ती म्हणाली.

"काय माहितेय?"

"आक्कांनी विचारलं होतं. म्हणाल्या, तुमची आई तुम्हाला पुण्याला न्यायलीय, कारण तुम्ही बोलत नाही असं तिला वाटतं. तिला सांगू का? मी नको म्हटलं. मग म्हणाल्या, ती वरून ऐकंल, चालेल का? मी म्हटलं, विचार करते. दोन दिवसांनी हो म्हटलं."

तिकडून तिचा आवाज जरा खाली आला. "आई, त्या दिवशी मी मुद्दाम मोठ्यांदा ओरडत होते. वरपर्यंत तुला ऐकू यावं म्हणून."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ रडले, आणि रडतानाही डोक्यात एकच होतं. चपला घालाव्यात, जामबागेत जावं आणि 'मी काय करणार?' म्हणणाऱ्या त्या बाईशी कडाकडा भांडावं. इतकी वर्षं मला एका शब्दानं सांगितलं नाही! पण आता जाणार कोणाकडे?